अटलांटिकपार, परवडेल त्या भावात

लंडन ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे ५,५०० किलोमीटर आहे. विमान ते सात-आठ तासांत कापते. स्वस्त तिकीट शोधणाऱ्याचे मात्र तेवढ्यात भागत नाही. त्याच्या रात्रीच्या रात्री मोबाइलच्या उजेडात जातात.

अटलांटिकपारच्या प्रवासात पहिली स्वस्ताई आणली ती आइसलँडच्या लोफ्टलेडिर कंपनीने. १९६० च्या दशकात भाडी ‘आयाटा’ ही विमान कंपन्यांची संघटना ठरवत असे. लोफ्टलेडिर तिची सभासदच नव्हती, त्यामुळे तिला कुणाचे ऐकण्याचे कारण नव्हते. विमाने पंख्याची, चाल संथ, वाटेत आइसलँडला थांबा. पण खिशात पैसे कमी आणि हाताशी वेळ भरपूर अशा तरुणांच्या ते पथ्यावरच पडले आणि कंपनीला ‘हिप्पी एअरलाइन’ हे नाव चिकटले. पुढे २६ सप्टेंबर १९७७ रोजी फ्रेडी लेकर यांची ‘स्कायट्रेन’ लंडनच्या गॅटविक विमानतळावरून उडाली. भाडे ५९ पौंड, जेवणाचे पैसे वेगळे, आगाऊ आरक्षण नाही. रांग लावा, तिकीट घ्या आणि बसा. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात लंडनमध्ये या तिकिटांसाठी लोकांनी फूटपाथवर पथाऱ्या पसरल्या. बड्या कंपन्यांनीही मग भाडी उतरवली, आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये लेकरसाहेबांना गाशा गुंडाळावा लागला.

तेव्हापासून स्वस्त विमान कंपन्यांचा हा शिरस्ताच पडला आहे. वॉव एअर मार्च २०१९ मध्ये बुडाली, नॉर्वेजियनने २०२१ मध्ये अटलांटिकचा नाद सोडला, प्ले सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पडली. म्हणून जाणकार तिकीट क्रेडिट कार्डाने काढतात. १९७४ च्या ब्रिटिश कायद्यानुसार १०० पौंडांहून महाग खरेदीला कार्ड देणारी बँकही जबाबदार असते. याचा अर्थ, कुणाला ९५ पौंडांत तिकीट मिळाले तर त्याने पेढे वाटावेत; हे संरक्षण मात्र त्याला नाही.

जाहिरातीतले भाडे हे मंगल कार्यालयाच्या भाड्यासारखे असते: हॉल स्वस्त, भांडी, वीज, सतरंज्या, झाडलोट वेगळी. मोठी बॅग, आवडीची सीट, जेवण, सगळ्याला पैसे. बॅग खरोखर ‘छोटी’ आहे की नाही हे गेटजवळचा लोखंडी सांगाडा ठरवतो. त्यात ती गुडघ्याने कोंबता येते, पण पुन्हा बाहेर काढताना मागची रांग सल्ले देऊ लागते. काही जण दोन स्वेटर आणि वर कोट चढवून येतात. त्यांचे वजन कुणी करत नाही. ही फट अजून बुजलेली नाही.

शहराच्या नावावरही विसंबू नये. ‘न्यूयॉर्क’ म्हणून विकलेली काही स्वस्त विमाने स्टुअर्ट विमानतळावर उतरत. तेथून मॅनहॅटन जवळजवळ १०० किलोमीटर. म्हणजे मुंबईचे तिकीट काढून खोपोलीच्याही अलीकडे उतरायचे. आइसलँडएअर वाटेत सात दिवसांपर्यंतचा मुक्काम जादा विमानभाड्याशिवाय देते. मुक्काम फुकट, पण गाव रेक्याविक! तिथल्या हॉटेलांचे दर पाहिले की भाड्यात वाचलेले पैसे कुठे जाणार हे कळते.

खरी चलाखी डब्लिनची. ब्रिटनहून अमेरिकेला निघणाऱ्या साध्या वर्गाच्या तिकिटावर एप्रिल २०२५ पासून ९० पौंड कर होता, जवळच्या प्रवासावर १३. आयर्लंडने असा कर २०१४ मध्येच काढून टाकला. त्यामुळे लंडनकर डब्लिनचे वेगळे तिकीट काढतात आणि तिथून अमेरिकेचे धरतात. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणीही डब्लिनलाच उरकते. मात्र पहिले विमान रखडून दुसरे चुकले तर दोन्ही कंपन्या खांदे उडवतात. भारतीय पासपोर्टवर लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तर आणखी एक अडचण असते: दोन स्वतंत्र तिकिटे म्हणजे आयर्लंडमध्ये शिरणे आले, आणि ब्रिटनचा रहिवासी परवाना तिथे चालत नाही. व्हिसाचे फोटो, कागद आणि वाट पाहणे यांत बचत विरघळते. अमेरिकेचा व्हिसा त्याला वेगळा लागतोच.

एवढा खटाटोप करून बहुतेकांना स्वस्त पडते ते जुन्या, मोठ्या कंपनीचे जानेवारी-फेब्रुवारीतले जाऊन-येऊन तिकीट. याच कंपन्यांकडे नुसते जाण्याचे तिकीट कधी कधी जाऊन-येऊनपेक्षा महाग असते. न परतणाऱ्याला दंड का, हे कोडे भाडे ठरवणाऱ्यांनाच ठाऊक.

बोर्डिंग पास मात्र फेकू नये. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघालेले विमान कंपनीच्या दोषामुळे न्यूयॉर्कला चार तासांहून उशिरा पोहोचले, तर प्रवाशाला ६०० युरो भरपाई मागता येते, तिकीट २०० युरोंचे असले तरी.