टाक्यांचा कारभारी

मोटरहोमच्या जाहिरातीतला अमेरिकन निवृत्त गृहस्थ तांबड्या डोंगरासमोर खुर्ची टाकून कॉफी पीत बसलेला असतो. मनाला येईल तिकडे गाडी वळवणारा मुक्त जीव! प्रत्यक्षात गाडी कुठे वळणार हे त्याच्या मनात ठरत नाही, पोटात ठरतं, म्हणजे गाडीच्या. तिथे तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, मोरीच्या पाण्याची म्हणजे करडी, आणि तिसरी काळी, जिच्यात काय असतं ते सांगायला नको. हा त्या तिन्हींचा कारभारी. योसेमिटी म्हटलं की इतरांना एल कॅपिटनचा कडा आठवतो, याला अप्पर पाइन्सचं डम्प स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा. यलोस्टोनला ओल्ड फेथफुलचं कारंजं उडताना लोक हरखतात. हाही हरखतो, पण स्वतःहून आणि जवळजवळ वेळापत्रकाप्रमाणे रिकामं होणारं दुसरं काही त्याच्या पाहण्यात नसतं म्हणून. लोक त्याला हसतात. माझं म्हणणं असं, की सुखवस्तू जगात स्वतःच्या संसाराचा जमाखर्च शेवटच्या ओळीपर्यंत ठाऊक असलेला माणूस बहुधा हा एकच.

आपल्या सोसायटीत नळाला पाणी किती वाजता येतं हे शेंबडं पोरही सांगेल. वापरलेलं पाणी जातं कुठे, हे सेक्रेटरींनाही सांगता यायचं नाही. साखळी ओढली, विषय संपला. कारभाऱ्याला ही सोय नाही. त्याची करडी टाकी साधारण १५० लिटरची धरा. शॉवरमधून मिनिटाला सात-आठ लिटर पाणी जातं. गुणगुणत आठ मिनिटं अंघोळ केली की ६० लिटर गेलं. दोन माणसं अशी न्हाली, की भांडी घासायच्या आत टाकी गळ्याशी येते. म्हणून अंग भिजवा, नळ बंद करा, साबण लावा, नळ सोडा, बाहेर या, असा नौदली शिरस्ता. पश्चिमेकडच्या सरकारी मोकळ्या रानात बहुतेक ठिकाणी १४ दिवस राहू देतात. टाकी पाचव्या दिवशीच तंबी देते. काळीचं शास्त्र मात्र उलटं, तिथे काटकसर घात करते. पाणी कमी ओतलं, किंवा कॅम्पग्राउंडच्या गटाराला नळी जोडून झडप उघडीच ठेवली, तर पातळ तेवढं वाहून जातं आणि उरलेल्याचा पिरॅमिड होतो, इजिप्तमधल्यांना टिकाऊपणात लाजवील असा. तेव्हा झडप बंद ठेवायची, टाकी दोन-तृतीयांशाच्या वर भरू द्यायची आणि एका दमात सोडायची. आधी काळी, मागून करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे असतात खरे, पण आत कागदाचा कपटा अडकला की ते रिकाम्या टाकीलाही भरलेली म्हणतात. कारभारी विसंबतो तो डोक्यातल्या रोजमेळावर. कोण किती वेळा जाऊन आलं, याची त्यात नोंद असते. पाहुण्यांना हे ठाऊक नसलेलं बरं.

यावर कोणी म्हणेल, ही निव्वळ विक्षिप्त चिकित्सा. माणूस सहलीला जातो तो हे विसरायला. विसरलं की काय होतं, ते शिकागोने २००४ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. डेव्ह मॅथ्यूज बँडच्या ताफ्यातल्या एका बसची टाकी किन्झी स्ट्रीटच्या पुलावर मोकळी केली गेली. पूल लोखंडी जाळीचा, आणि खालून चालली होती शहरातल्या इमारती दाखवणारी बोट, माना वर करून बसलेल्या प्रवाशांसह. सुमारे ३६० किलो ऐवज. आपल्या कारभाऱ्याने त्या दिवशी डम्प स्टेशन गाठायला शंभर किलोमीटरचा वळसा घेतला असता, आणि बायकोचे टोमणेही खाल्ले असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लिटरला तीन-चार किलोमीटर जाणारं धूड हाकत फिरणाऱ्याने पाण्याच्या थेंबाचा हिशेब मांडावा, हा विनोदच नव्हे काय? आहेच. धुराला टाकी नसते, म्हणून तो हिशेब त्याच्याही वहीत नाही. गाडीला धुराची टाकी बसवून बघा. महिन्याभरात हा तिचीही झडप आधी उघडायची की मागून, यावर तासभर बोलेल.

तसा तो बोलतोच. एकपदरी टॉयलेट पेपर बरणीतल्या पाण्यात हलवून किती वेळात विरघळतो, हे जेवणाच्या टेबलावर सांगायला त्याला संकोच वाटत नाही. पण त्याचं खरं रूप पाहायचं तर डम्प स्टेशनवर. हातात मोजे, तीन इंची नळी खाली गच्च बसवलेली, आणि तिच्या तोंडाशी लावलेल्या पारदर्शक कोपरावर नजर अशी, जशी चहा उकळताना सुगरणीची पातेल्यावर. मागे चार गाड्यांची रांग. कोणीतरी भोंगा वाजवतं. हा वळूनही बघत नाही. कोपरातलं पाणी नितळ दिसू लागतं, तेव्हा काळीची झडप लोटतो आणि सावकाश करडीची ओढतो.