मागच्या सीटवरचं निदान

गाडीच्या मागच्या एक्सलचा आवाज ऐकण्याचा पहिला हक्क मागे बसणाऱ्याचा. पण त्याला विचारतंय कोण? चालवणारा बसलेला इंजिनाला खेटून, त्यात काच खाली आणि रेडिओ चालू. तरी गॅरेजमध्ये साक्ष द्यायला जातो तो तोच, आणि मेस्त्रीपुढे उभा राहून तोंडानं आवाज काढून दाखवतो. एरवी सोसायटीच्या सभेत दोन वाक्यं बोलायला लाजणारी माणसं बॉनेटपाशी मान तिरकी करून ‘टक्... टक्... नाही, जरा जाड, टॉक्’ असं करताना मी पाहिली आहेत.

आमची गाडी मारुती ८००. १९८३च्या डिसेंबरात ही गाडी रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. इंजिनाची सगळी ताकद हिच्या पुढच्या चाकांना. मागच्या चाकांनी वजन पेलायचं, मुकाट मागोमाग फिरायचं आणि ब्रेक लागला की हातभार लावायचा. त्यामुळे मागून टकटक आली तर संशयित मोजकेच. पण मेस्त्रींनी मी तोंडानं काढलेला आवाज ऐकला आणि म्हणाले, ‘साहेब, जॉइंट गेला.’

त्यांचंही खरं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची टकटक बहुतेक वेळा ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटचीच असते आणि ती वळताना ऐकू येते. परीक्षा सोपी आहे: स्टिअरिंग पूर्ण कापायचं आणि मोकळ्या जागेत हळूहळू घिरट्या घालायच्या. आम्ही शेजारच्या मैदानात घातल्या. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी खेळ थांबवला. आवाज काही आला नाही.

मग टायरच्या खाचांत अडकलेला खडा शोधून झाला. हा गुन्हेगार फार वेळा सापडतो आणि फुकटात सुटतो. पण खड्याचा हिशेब सरळ असतो. ८००च्या बारा इंची चाकाचा एक फेरा म्हणजे दीड मीटरहून थोडं जास्त. ताशी वीसच्या वेगाला सेकंदाला तिनाच्या वर टकटक, ब्रेक लावा नाहीतर लावू नका. चाकाचे नटही पाना लावून पाहिले. तो आवाज असो नसो, नट आधी पाहायचेच. ढिला नट हा निबंधाचा विषय नव्हे. बेअरिंग गेलं तर ते बहुधा घोंघावतं. शॉकॲबसॉर्बरचा बुश खड्ड्यात बोलतो, आणि आपल्याकडे त्याला बोलायची संधी पावलोपावली मिळते. पण आमचा आवाज गुळगुळीत रस्त्यावर येत होता.

‘मी सांगू का?’ आत्या म्हणाली. पुण्याहून साताऱ्याला जाताना डाव्या बाजूला, मांडीवर पिशवी घेऊन बसायची तिची जागा ठरलेली. ‘वळताना नाही येत तो. खंबाटकी चढताना गप्प असतो, उतरताना येतो. तू ब्रेकवर नुसता पाय टेकवून ठेवतोस ना, तेव्हा. आणि चाकाबरोबर नाही येत, मध्येमध्ये थांबून येतो. माझ्या बाजूनं.’

मेस्त्रींनी पाना खाली ठेवला. ‘मावशी, हे आधी का नाही सांगितलं?’

‘विचारलंत कुठं?’

मेस्त्रींनी पुढचा प्रश्न मला विचारला: ‘ड्रम घासून आणले होते?’ आणले होते, दिवाळीच्या आधी, एका लेथवाल्याकडून. डावं चाक उतरलं, ड्रम निघाला. आतली धूळ त्यांनी फुंकली नाही, ओल्या फडक्यानं पुसून घेतली. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, तेव्हापासूनची ही शहाणी सवय. मग ड्रम उजेडात तिरपा धरून माझं बोट आत फिरवायला लावलं. नखाला बारीक रेघा लागत होत्या. लेथवर टूल घाईनं पुढं सरकवलं की ड्रमच्या आत बाटलीच्या तोंडाला असतात तसे आटे पडतात. ब्रेक हलका लागला की शू त्या आट्यांच्या चालीनं बाजूला सरकू लागतो. शूला जागेवर दाबून धरणारी एक छोटी स्प्रिंग असते. ती त्याला मागं खेचते आणि शू पाठीमागच्या प्लेटवर आपटतो. टक्. पुन्हा सरकला, पुन्हा टक्. उजव्या ड्रमलाही त्याच लेथवाल्याचा हात लागला होता, पण तिकडची स्प्रिंग घट्ट होती. आमची डावी ढिली पडलेली.

लेथवाल्यावर मी फार चिडलो नाही. ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा कोरलेला असतो, त्याच्या आत त्यानं काम केलं होतं; फक्त शेवटचा हात सावकाश फिरवायचा राहिला होता. ही तक्रार अर्ध्या महाराष्ट्राच्या बांधकामाबद्दल करता येईल.

इलाज गॅरेजच्या कोपऱ्यातच होता. मेस्त्रींनी पॉलिश पेपर घेऊन ड्रम आतून आडवातिडवा घासला, म्हणजे आट्यांची एकसलग वाट मोडते. दोन्हीकडे स्प्रिंगा नव्या बसवल्या, आणि शू जिथं प्लेटला टेकतो तिथं उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचं बोट, जेमतेम. लायनरला ग्रीस लागलं तर आवाजाबरोबर ब्रेकही जातो. मग उतारावर फेरी. या खेपेला मेस्त्री मागे बसले, आत्याच्या शेजारी, आणि आवाज गेला की नाही हे त्यांनी तिलाच विचारलं.

बिलात स्प्रिंग, ग्रीस, मजुरी आणि ‘चेकिंग’ अशा ओळी होत्या. आत्यानं चष्मा लावून चेकिंगवर बोट ठेवलं.

‘हे कुणी केलं?’

मेस्त्रींनी ती ओळ खोडली.