विमानाचे तिकीट माघारीसह कसे काढावे

विमानाने मुंबई गाठू इच्छिणाऱ्या वऱ्हाडवासीयाने आसन, भाडे वा सुटण्याची वेळ यांचा विचार तूर्त तहकूब ठेवून, बेत फिसकटल्यास किती रक्कम पदरी परत पडेल, या एकाच मुद्द्याचा आधी निकाल लावावा. कारण काळ अनिश्चित असला म्हणजे जागेपेक्षा माघारच अधिक उपयोगी पडते, आणि तिचा भाव मात्र बारीक अक्षरांत छापलेला असतो.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक आकारता येत नाही. म्हणजे कंपनीने संपूर्ण भाडे गिळंकृत करण्यास हरकत नाही, अंगावरचा सदरा मात्र तिला मागता येत नाही. सरकारी कर व विमानतळ शुल्क परत मिळतात, सबब त्यांची मागणी करण्यास लाजू नये.

ज्यांस ही सावधगिरी अतिरेकी वाटेल, त्यांनी पतखात्याचे प्रकरण आठवावे. कोरोनाकाळच्या टाळेबंदीत अडकलेले भाडे तत्काळ परत करणे कंपन्यांस अशक्य असल्यास ते 31 मार्च 2021 पर्यंत पतखात्यात ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी दिली, आणि जून 2020 नंतर त्यावर दरमहा पाऊण टक्का वाढही ठरवून दिली. सावकाराच्या तोऱ्यात ज्याने ती रक्कम मुरत ठेवली, त्या अमरावतीकराची मुदत सरत आली असता 22 फेब्रुवारी 2021 पासून अमरावती व अचलपूर येथेच टाळेबंदीचा हुकूम लागू झाला (दुसऱ्या लाटेतील ही आघाडी शहराने मागितलेली नव्हती). आकाश मोकळे आणि उंबरठा बंद, अशा परिस्थितीची तरतूद कोणत्याही शर्तीत आढळत नाही. गो फर्स्ट या कंपनीची विमाने 3 मे 2023 रोजी थांबली, तेव्हा तर शर्ती उदार होत्या की कंजूष, हा प्रश्न केवळ तात्त्विक उरला.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 पासून मुंबईचे विमान सुटू लागले, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु फेऱ्या मोजक्या वारी असल्यास ‘पुढील उपलब्ध विमान’ या दिलाशात पुढील वाराची प्रतीक्षा अनुस्यूत असते. अकोलेकर त्या मानाने निश्चिंत आहे, कारण तेथील शिवणी विमानतळाच्या आखूड धावपट्टीवरून नियमित प्रवासी सेवाच नसल्यामुळे तेथे रद्द होण्यासारखे काही नाही. त्याने नागपूरचे विमान धरल्यास मोटारीच्या बयाण्याचा परतावा कोणत्या नियमाखाली मागावा, एवढे ठरवून ठेवावे.

म्हणून विमानासोबत बडनेरा वा अकोल्याहून विदर्भ एक्स्प्रेसचेही आरक्षण करावे, पुरेशा आधी रद्द केल्यास रेल्वेची वजावट ठरीव असते हे पत्नीस समजावून सांगावे, आणि दोन्ही तिकिटांच्या प्रती घरातील सर्वांत भांडखोर आप्ताच्या स्वाधीन कराव्यात.