सर्व्हर झाडून काढणाऱ्यास अनावृत पत्र

सर्व्हर-स्वच्छता अभियानाचे एकमेव शिल्पकार यांस,



पत्रास कारण की, सोमवारी सकाळी ऑफिसात आले तर आपला झेड ड्राइव्ह ओळखूच येईना. 'चालू कामं', 'चालू कामं नवीन' आणि 'चालू कामं खरं नवीन' ही आमची तिन्ही फोल्डरं आपण एका शनिवारात निकालात काढलीत. आता सगळं कसं वाण्याच्या दुकानातल्या डब्यांसारखं. ड्रॉइंग एका फोल्डरमध्ये, पीडीएफ दुसऱ्यात, फोटो तिसऱ्यात, आर्किटेक्टकडून आलेलं सगळं 'बाहेरून आलेली'मध्ये. डोळे निवले. मग मी एक ड्रॉइंग उघडलं.

किरकोळ दुखणी आधी उरकते. लोगो गेला. फॉन्ट न मिळाल्याने साहेबांचं नाव प्रश्नचिन्हांत छापून आलं (साइटवर काहींना ते पटलंही). प्लॉट स्टाइल हरवली, म्हणून ग्रिडलाइन बीमइतक्या जाड झाल्या. आर्किटेक्टच्या प्लॅनच्या जागी त्याच्या जुन्या पाथची एक ओळ तेवढी उरली, वाडा पाडल्यावर राहिलेल्या नावाच्या पाटीसारखी. याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फाइल मिळाली नाही की ऑटोकॅड 'नॉट फाउंड' असं तोंडावर सांगतं आणि आपण शोधायला लागतो.

माझं भांडण आहे ते मिळालेल्या फाइलीबद्दल.

आपल्याला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. आमचं बीमचं ड्रॉइंग एकटं नसतं. कॉलमची फाइल त्याला एक्सरेफ म्हणून बाहेरून जोडलेली असते, आणि बीमच्या फाइलीत फक्त तिचा पत्ता लिहिलेला असतो. हा पत्ता होता आर-३, म्हणजे तिसऱ्या रिव्हिजनच्या फोल्डरचा. तिथे कुणी राहत नाही म्हटल्यावर ऑटोकॅड परत फिरत नाही. बीमच्या फाइलीच्या शेजारी त्याच नावाचं कुणी आहे का, असं विचारतं. नसेल तर नेमून दिलेल्या आणखी काही फोल्डरांची दारं ठोठावतं. आता शेजारी, आपल्या कृपेने, त्याच नावाची फाइल होती. आर-० मधली.

कशी, ते मी दुपारी शोधून काढलं. आपण आर-० आधी हलवलंत. आर-३ची पाळी आली तेव्हा विंडोजने विचारलं, या नावाची फाइल तिथे आहे, काय करू? आपण 'स्किप' म्हणालात. मग आर-३मध्ये उरलेलं सगळं डुप्लिकेट समजून खोडलंत. नेटवर्कवरून खोडलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, ते जातंच. ऑटोकॅडने ठेवलेल्या बॅक फाइली? त्याही गेल्या. कचराच तो! आणि बॅकअप घेणारे आपणच. जागा करायची म्हणून पहिला झाडू त्याच्यावरच फिरवलेला.

आर-०मध्ये सी-७ कॉलम ३०० बाय ४५० मिलिमीटर. आर-३मध्ये ३०० बाय ६००. संध्याकाळी पाचला प्रिंट साइटवर गेली. मंगळवारी साडेसातला सुपरवायझरचा फोन, "मॅडम, सी-७चा स्टार्टर ६००चा भरून झालाय, तुमच्या ड्रॉइंगमध्ये ४५० कसा?" स्टार्टर, म्हणजे कॉलमचा बुंधा, भरलेला होता म्हणून. नसता भरला तर? त्या माणसाने त्या दिवशी दांडी मारली असती तर? सहा इंच काँक्रीट कमी गेलं असतं हो, आणि ते कुठल्या फोल्डरात परत मिळालं असतं? मला त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याला लागली असेल, सर्व्हरवर जागा झाली होती ना.

बरं, फाइल मिळाली. पंधरा दिवसांपूर्वी मी आर्किटेक्टला ई-ट्रान्समिट केलं होतं, म्हणजे ड्रॉइंग, त्याचे एक्सरेफ, फॉन्ट सगळं एका झिपमध्ये बांधून. मेलच्या सेंट फोल्डरमध्ये ती झिप पडून होती. तिथे आपला हात पोचला नव्हता.

आता जरा हळू बोलते. सगळ्या रिव्हिजनला नाव तेच ठेवायचं म्हणजे पाथ तुटत नाही, ही अक्कल आमची. २०१८च्या आवृत्तीपासून ऑटोकॅड आपणहून रिलेटिव्ह पाथ लावतं. आम्ही मात्र जुन्याच फाइली 'सेव्ह ॲज' करत राहिलो, पूर्ण पाथसकट. अर्थात रिलेटिव्ह असता तरी तुमच्यापुढे त्याची मात्रा चालली नसती. सगळं बिऱ्हाड जसंच्या तसं हललं तरच तो टिकतो, तुम्ही तर भांडी एका गावी आणि माणसं दुसऱ्या गावी धाडलीत. आणि खरं सांगू? एक्सरेफच्या यादीत 'सेव्ह्ड पाथ' आणि 'फाउंड ॲट' अशा दोन वेगळ्या ओळी असतात. सोमवारी त्या दोन ओळी जुळत नव्हत्या. मी पाहिल्याच नाहीत. प्रिंट मी दिली.

अरे, तुला "शनिवारपर्यंत जागा कर" एवढंच सांगितलं साहेबांनी. सुट्टीच्या दिवशी एकटा बसलास, चहासुद्धा कुणी विचारला नसेल. आमच्यापैकी एकानेही आठ वर्षांत एक फोल्डर आवरलेलं नाही, आणि आवरणाऱ्यालाच धरून बसलोय. या शनिवारी मी येते. रेफरन्स मॅनेजर उघडून एकेका फाइलीचे पाथ बदलू. तू वाचून दाखव, मी टाइप करते. डबा दोघांचा आणीन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
ड्रॉइंग सेक्शनमधली खिडकीजवळची

ता. क. 'चहा हिशोब' ही फाइल कुठल्या डब्यात गेली? कँटीनवाले काका दारात उभे आहेत.