तिसरी शिट्टी

आमची आई चातुर्मासात कांदा-लसूण आणि वांगं सोडते. त्याआधी कांदेनवमीला कांदाभजी, कांद्याची थालीपिठं असा भरगच्च निरोपसमारंभ असतो. यंदा मीही काहीतरी सोडावं, असं तिने सुचवलं.

"तो फोन सोड. वांग्यापेक्षा वातूळ आहे."

मी कबूल झालो आणि लगोलग फोनची कांदेनवमी साजरी करायला बसलो. रात्रीचे दोन वाजले. कांद्याची टोपली निदान रिकामी तरी होते. इथे बोटाने सरकवत राहिलं की खालून येतंच राहतं. ही सोय २००६ साली आझा रास्किन नावाच्या गृहस्थाने काढली आणि पुढे त्याला तिचा जाहीर पश्चात्ताप झाला. तो पश्चात्तापही मी सरकवत सरकवतच वाचला.

त्याच्याच खाली मोहित्यांचे वडगाव भेटलं. सांगली जिल्ह्यातल्या या गावाने २०२२च्या ऑगस्टमध्ये ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर गप्पा मारायच्या. साडेआठला दुसरा भोंगा झाला की सुटका. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीच्या ताई घरोघरी जाऊन बघून यायच्या. मला हे फार पटलं. चार महिन्यांपेक्षा दीड तास माझ्या प्रकृतीला मानवणारा होता.

"मग वांगंही मी दीड तासच सोडते," आई म्हणाली.

पण भोंगा आणायचा कुठून? आमच्या ब्लॉकमध्ये सातच्या सुमाराला हमखास वाजणारी वस्तू एकच, ती म्हणजे कुकर. ठरलं. तिसऱ्या शिट्टीला चारही फोन तांदळाच्या डब्यात.

तांदळात पुरलेला फोन थरथरला की डबा पोटात गुबारा धरल्यासारखा गुरगुरतो. आम्ही चौघं एकमेकांची नजर चुकवून भिंतीकडे बघायचो.

"कोणाचा वाजला?"

"माझा नाही. माझा तळाला आहे."

गप्पा मारायला विषय लागतो आणि आमचे सगळे विषय डब्यात होते. भिंतीवरच्या कालनिर्णयची मागची पानं मी चार संध्याकाळींत डिसेंबरपर्यंत वाचून काढली. चिरंजीवांनी अभ्यास केला. म्हणजे पेन्सिलींना टोकं केली.

पाचव्या दिवशी भातात कणी राहिली. बायको दुसऱ्या शिट्टीलाच गॅस बारीक करत होती. तिसरी होतच नव्हती, त्यामुळे नियमही मोडत नव्हता. वडगावला आशाताई होत्या. इथे गॅसचं बटण आरोपीच्याच हातात! आईने मग कुकरशेजारी पाट मांडला आणि शिट्ट्या स्वतः मोजायला लागली.

त्यानंतर चिरंजीव म्हणाले, "रात्री भात नको, पोळ्याच बऱ्या." हा मुलगा बारशापासून भातावर वाढलेला. बायकोलाही रात्रीचा भात अंगावर येतो, हे अचानक आठवलं. मला तर डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. आई तेवढी हटली नाही. "मग वरणाला तरी कुकर लागेलच," म्हणाली.

रविवारी पावणेसातला ती पदर खोचून ओट्याशी उभी राहिली.

"आज पिठलं-भाकरी टाकते. उगाच कुकर कशाला?"

तिच्या भजनी मंडळाच्या बाई सातला लाइव्ह येणार होत्या.