एक डोळा धूसर ठेवण्याचा वेडेपणा

लांबचा नंबर आधीपासून आहे, आता चाळिशीही लागली, तर बायफोकल चष्मा करावा. बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ सालच्या एका पत्रात आपल्या दुहेरी भिंगांची महती सांगितली आहे : वर पाहा, दूरचे दिसते, खाली पाहा, वाचता येते. त्यात वेडेपणा काहीच नाही. मला स्तुती करायची आहे ती मोनोव्हिजनची, आणि ती मनापासून.

मोनोव्हिजनमध्ये एका डोळ्यात लांबच्या नंबरची लेन्स घालतात, दुसऱ्यात जवळच्या. म्हणजे बसची पाटी वाचताना एक डोळा धूसर, औषधाची चिठ्ठी वाचताना दुसरा. पैसे मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, चांगला डोळा अर्धवट ठेवायचा! शहाणा माणूस ऐकताक्षणी नाही म्हणेल. मेंदू म्हणत नाही. धूसर प्रतिमा तो मागे सारतो, स्पष्ट तेवढी पुढे घेतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत रुळतो. लांबचे काम सहसा प्रबळ डोळ्याला देतात. तो ओळखायला दोन्ही हात समोर ताणून तळव्यांमध्ये लहानशी फट ठेवा, तीतून भिंतीवरचे घड्याळ पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ फटीतच दिसत राहते, तो प्रबळ.

या वेडाची किंमत म्हणजे खोलीचा अंदाज थोडा ढळतो. दोन डोळ्यांतला फरक दीड डायॉप्टरपर्यंत असेल तर पुष्कळांना झेपतो. वयाबरोबर वाचनाचा नंबर अडीचकडे सरकला, की झेपणाऱ्यांची संख्या घटते.

मल्टिफोकल लेन्सचे वेड आणखी धीट. एकाच मऊ लेन्समध्ये वर्तुळावर्तुळांनी दोन्ही नंबर, बऱ्याचदा मध्यभागी जवळचा. इथे मान वरखाली करायची नाही. दूरचा आणि जवळचा प्रकाश एकदमच डोळ्यात शिरतो, हवे ते मेंदूने वेचायचे. दोन्ही डोळे जोडीने काम करतात म्हणून खोली बरीच टिकते, पण अक्षरांची धार थोडी बोथटते आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. मऊ लेन्सचा उगमही असाच. ओटो विख्तर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने १९६१च्या नाताळात घरी बसून, मुलांच्या मेर्कुर या खेळण्याच्या सुट्या भागांतून यंत्र जुळवले आणि त्यावर लेन्स ओतल्या. तेव्हा कुणी शहाणपण शिकवून त्याला थांबवले नाही, याचा मला आनंद वाटतो.

दुकानातल्या तक्त्यासमोर निकाल लावू नये. चाचणीच्या लेन्स घेऊन घरी यावे, भाजी चिरावी, संगणकावर बसावे, जिना उतरावा. मोनोव्हिजन घेऊन रात्री घाटातून गाडी न्यायची असेल, तर लेन्सवरून घालायचा एक चष्मा करून घ्यावा. त्याने जवळच्या डोळ्यालाही तेवढ्यापुरते लांबचे स्पष्ट दिसते. तो गाडीतच ठेवावा.