प्लस एकचे अण्णा

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात शुगर मिल कॉर्नरपासून लाईन बाजारापर्यंत कुठल्याही लग्नात जा. स्टेजच्या डाव्या अंगाला, फोटोग्राफरच्या खांद्यामागं एक हाफ सफारी उभी दिसली, तर ते अण्णा. अण्णांना आमंत्रण असतंच असं नाही. जेवणावळीशी त्यांना देणंघेणं नसतं, आहेर-मानपान तर त्यांना दिसतच नाहीत. त्यांची नजर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर खिळलेली असते. पोरानं फोटो काढला की अण्णा मान पुढं घालतात, ‘च्च’ करतात आणि कानाशी म्हणतात, “काळा आला. प्लस एक कर की मर्दा.”

अण्णांची उभी हयात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. भरली गाडी काट्यावर घ्यायची, वजन लिहायचं, ऊस गव्हाणीत उतरवून रिकामी गाडी परत आली की पुन्हा वजन, मग वजाबाकी. एवढ्या वजाबाक्यांतून त्यांचं एक तत्त्वज्ञान तयार झालं : काटा खोटं बोलत नाही, पण काट्याला अक्कल नसते. त्याच्यावर ऊस आहे, चिखल आहे की मोळ्यांवर आडवा झालेला गाडीवान आहे, हे बघायला माणूसच लागतो. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून त्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला आणि थोड्याच दिवसांत त्यांना त्यातही एक बिनडोक काटा सापडला.

निमित्त नातीच्या बारशाचं. पांढरं झबलं, पांढरं दुपटं, पाळण्याला पांढरी झालर आणि मागं नुकताच चुना दिलेली भिंत. अण्णांनी ऑटोवर ठेवून हौसेनं बटण दाबलं. फोटोत भिंत राखाडी, झबलं राखाडी आणि मधोमध चांगली उजळ पोर सावळी. विहीणबाई फोटो बघून एवढंच म्हणाल्या, “पोरगी अण्णांच्या वळणावर गेली म्हणायची.” त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. कॅमेऱ्याबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक आणि मुलाच्या शाळेतली जुनी डिक्शनरी घेऊन माडीवर गेले, ते सकाळी चहाला दुसरेच अण्णा होऊन खाली आले.

माडीवर जे सापडलं ते अण्णा आता कुणालाही, कुठंही, न विचारता सांगतात. कॅमेऱ्यातलं मीटर वस्तूवर किती उजेड पडलाय हे मोजतच नाही. वस्तूवरून उलटून कॅमेऱ्याकडं किती आला, तेवढंच मोजतं. आणि जगातली प्रत्येक गोष्ट सरासरीनं मध्यम राखाडी, म्हणजे पडलेल्यातला साधारण १८ टक्के उजेड परत देणारी आहे, असं ते धरून चालतं. त्याला पांढरी भिंत दाखवा : ते म्हणणार, बाप रे, केवढा उजेड, कमी करा. भिंत राखाडी. म्हैस दाखवा : ते म्हणणार, अंधार आहे, वाढवा. म्हैसही राखाडी. उपाय सोपा. कॅमेऱ्यावर प्लस-मायनसचं एक छोटं बटण असतं, त्यानं मीटरला गप्प करायचं. “पांढरं नव्वदेक टक्के उजेड परत देतं. अठराचे छत्तीस, म्हणजे दुप्पट, एक स्टॉप. छत्तिसाचे बहात्तर, दोन स्टॉप. वर थोडं उरतं ते सोडून दे. नुसती भिंत काढायची तर प्लस दोन, भिंतीपुढं माणूस उभा असंल तर प्लस एक. काय अवघड हाय?” हे गणित केएमटी बसच्या कंडक्टरला समजावताना अण्णांचा स्टॉप एकदा मागं गेला होता.

पुतण्यानं त्यांना एकदा अडवायचा प्रयत्न केला. “अण्णा, तुमी कुठल्या काळात हाय? निकॉननं १९८३ सालीच एफए कॅमेऱ्यात चौकटीचे पाच भाग करून येगयेगळं मोजायला सुरुवात केल्या. आता तर भागांची मोजदाद न्हाई.” अण्णांनी शांतपणे विचारलं, “आणि पाचीच्या पाची भागांत पांढरी भिंतच असली तर?” पुतण्या गाडीला किक मारून निघून गेला. एक मात्र मान्य केलं पाहिजे : अण्णांचा मुद्दा बरोबर असतो. माणूस असह्य होतो तो त्यामुळंच.

अण्णांची एक सवय बावड्यात फार गैरसमजाची ठरली. जवळ काहीच साधन नसेल तेव्हा स्वतःचा तळहात उन्हात धरून त्याच्यावरून उजेड मोजायचा आणि एक स्टॉप वाढवायचा, ही छायाचित्रकारांची जुनी युक्ती आहे. माणसाचा रंग कसाही असो, तळहात साधारण एकाच उजळपणाचा असतो, मध्यम राखाडीपेक्षा एखादा स्टॉप वर. अण्णा भर चौकात उभे राहून हात पसरतात, डोळे बारीक करतात, हात जरा फिरवतात, पुन्हा बघतात. गावात बोलवा झाली की अण्णांना हात बघता येतो. एक बाई मुलाच्या नोकरीचं विचारायला आल्या. अण्णांनी पोराचा हात उन्हात धरला आणि म्हणाले, “याचं जरा वर हाय.” बाई समाधानानं गेल्या. पुढं पोराला नोकरी लागली की नाही ठाऊक नाही, पण त्या अजून अण्णांना वाकून नमस्कार करतात.

तळहातापेक्षा वाईट प्रकार म्हणजे ग्रे कार्ड. अठरा टक्क्यांचा तो राखाडी पुठ्ठा अण्णांच्या सफारीच्या मोठ्या खिशात कायम असतो. एका लग्नात त्यांनी तो नवरदेवाच्या हातात दिला, “छातीशी धर, तोंडाजवळ, हलू नकोस.” मुंडावळ्या बांधलेला पोरगा छातीशी पाटी धरून समोर बघतोय, हे दृश्य मुलीच्या मामांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पाटीवर नंबर कुठाय, असं कुणीतरी मागून विचारलंही. मामांची समजूत घालायला दोन्हीकडची वडीलधारी माणसं लागली. अण्णांना मात्र मोजमाप बिनचूक मिळालं होतं.

सध्याच्या लग्नांनी अण्णांना नवं दुःख दिलंय. स्टेजच्या मागं एलईडीची भिंत असते. तिच्यावर धबधबे पडतात, मोर नाचतात, नवरा-नवरीचे प्रीवेडिंगचे फोटो पळतात. एवढा झगझगाट पाठीमागं असल्यावर मीटर सगळं आवळून घेतं आणि पुढची दोन माणसं काळी पडतात. हजारोंचा मेकअप अंधारात जातो. अशा वेळी पोराच्या कानाशी सुरू होतं :

“स्पॉटवर घे. नवरीच्या गालावर मोज.”

“अण्णा, रॉमध्ये काढलंय. घरी जाऊन शॅडो उचलतो.”

“उचल. उचलल्यावर वाळू येती, ती चाळणार हाईस का?”

वाळू म्हणजे नॉइज. काळोखात गेलेला भाग कॉम्प्युटरवर ओढून उजळ केला की त्यात तांबडे-हिरवे कण दिसायला लागतात. नवे कॅमेरे हे बरंच सोसतात, हे अण्णांना माहीत आहे; पण ते कबूल केलं तर लग्नात उभं कुठल्या नात्यानं राहायचं?

फोटो उजळ करा म्हणणारा हा माणूस गोरं करा म्हणणाऱ्यांचा मात्र शत्रू आहे. “जरा गोरी दाखवा,” असं नवरीच्या आईनं फोटोग्राफरला सांगितलेलं त्यांच्या कानावर आलं की सफारी पुढं सरकते. “ताई, काळा माणूस काळाच दिसला पाहिजे. पण दिसला पाहिजे.” कमी उजेडात गेलेला चेहरा आणि सावळा चेहरा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे अण्णांइतकं कुणी पोटतिडकीनं सांगत नाही. मोबाइल आपण होऊन सगळ्यांची कातडी पीठ लावल्यागत गुळगुळीत करतो, त्याचा त्यांना मनस्वी राग आहे. या एका बाबतीत मी अण्णांच्या पार्टीत आहे.

पावसाळ्यात अण्णांचं कार्यक्षेत्र राजाराम बंधाऱ्यावर हलतं. पंचगंगेची पातळी इथंच मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. सारं कोल्हापूर त्या आकड्याकडं जीव मुठीत धरून बघत असतं. २०१९ आणि २०२१ साली तर पाणी पंचावन्न फुटांच्याही वर गेलं. अण्णांचं लक्ष आभाळाकडं. ढगाळ आभाळ दिसायला मळकट, पण उजेडाला भलतं जबर. ते चौकटीत निम्मं आलं की मीटर दबतं, पाणी काळंभोर येतं आणि भरदुपारी काढलेला फोटो रात्रीचा वाटतो. तो फोटो पुण्याला पोचतो आणि पुण्याचे पाहुणे रडवेल्या आवाजात फोन करतात. “पाणी हाय तेवढंच हाय,” अण्णा बंधाऱ्याजवळ फोटो काढणाऱ्या पोरांना दटावतात, “तुमच्या फोटोनं पूर आणू नका. आभाळ कमी घ्या, नाहीतर प्लस एक.” आपत्ती व्यवस्थापनात या सल्ल्याला जागा असायला हरकत नाही.

अंबाबाईचा किरणोत्सवही त्यांना धड बघता येत नाही. मावळतीची किरणं देवीच्या पायांवरून चेहऱ्याकडं चढत असतात, घरची मंडळी टीव्हीपुढं हात जोडून बसलेली असतात आणि अण्णा पडद्यावरच्या कॅमेरामनला ओरडत असतात, “लॉक कर! एक्स्पोजर लॉक कर!” काकू म्हणतात, “अहो, देवीम्होरं तरी गप बसा की.”

कुणी फारच छेडलं तर अण्णा बाबूराव पेंटरांना मध्ये आणतात. या माणसानं कोल्हापुरात स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा सिनेमा काढला. फोटोसेलवर चालणारं उजेडमापक बाजारात आलं ते १९३० नंतर. “मीटर नव्हतं, नजर होती,” एवढं म्हणून अण्णा खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाच्या दिशेनं हात जोडतात. दिशा बावड्यातून बहुधा चुकते, पण भाव खरा असतो.

अण्णांची खोट कुठं आहे, ते मात्र त्यांना सांगून उपयोग नाही. तरुणपणी ते मित्राच्या स्टुडिओत पडून असत. तेव्हा फिल्मच्या डबीबरोबर सूर्य, ढग, सावली अशी चित्रं छापलेली सूचना येई, तीवर काम चाले. आणि निगेटिव्हचा धर्म असा की उजेड जास्त झाला तर ती सांभाळून घेते, कमी झाला तर काळोखातलं उमटतच नाही. त्यामुळं हात सढळ ठेवायची सवय लागली. डिजिटलचं उलट. पांढरं एकदा फुटलं की तिथं काहीच उरत नाही, मग कॉम्प्युटरवर कितीही ओढा. परवा एका पोरानं अण्णांचं ऐकून प्लस एक केलं आणि पडदा त्यांच्यापुढं धरला. नवरदेवाचा जरीचा फेटा निम्मा लुकलुकत होता. म्हणजे तेवढा भाग पार गेला. अण्णा बराच वेळ लुकलुकणाऱ्या फेट्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “फेटा जाऊ दे. तोंड बघ.”

त्यांची खरी परीक्षा होते दिवाळीच्या पाडव्याला. कोल्हापुरात त्या दिवशी म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, अंगावर कातरलेली नक्षी. मालक पांढराशुभ्र शर्ट घालून मोटारसायकल दामटतो आणि म्हैस त्याच्यामागं उधळत येते. चौकट म्हशीनं भरली तर मायनस एक, मालकानं भरली तर प्लस एक, दोघं एकत्र आले तर काय, हा प्रश्न अण्णांना दरवर्षी पडतो. दरवर्षी ते कार्ड काढतात, हात उन्हात धरतात, बटण फिरवतात. तोवर म्हैस पुढच्या चौकात पोचलेली असते. अण्णांकडं पाडव्याचे रिकाम्या रस्त्याचे फोटो पुष्कळ आहेत. एक्स्पोजर सगळ्यांत अचूक.

तुम्ही यंदा पाडव्याला बावड्यात कॅमेरा घेऊन येणार असाल तर एवढं करा : उन्हातल्या एखाद्या मध्यम रंगाच्या गोष्टीवर, मातीवर नाहीतर डांबरी रस्त्यावर, आधीच मोजून आकडे कायम करून ठेवा, आणि म्हैस येईल तशी बटण दाबत राहा. आणि हाफ सफारीतल्या गृहस्थांनी “बघू जरा” म्हणून हात पुढं केला, तर कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढू नका.